आई सुटली, मी फ्री झाले

आईचं तेरावं झालं त्या आठवड्यात एकच वाक्य मी सात-आठ जणांकडून ऐकलं. "आई सुटल्या बिचाऱ्या. आणि तूही आता फ्री झालीस." कुणी हात हातात घेऊन म्हणालं, कुणी फोनवर. एका सहकारी बाईंनी स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता म्हटलं आणि आपल्या डब्यातली गवारीची भाजी माझ्या पोळीवर वाढली. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. तीन वर्षं आठ महिने आई पक्षाघातानं अंथरुणावर होती. पहाटे उठून तिचं सगळं उरकायचं, दुपारच्या गोळ्या वाटीत काढून ठेवायच्या, सांभाळणाऱ्या मावशी आल्या की शाळेत पळायचं, मधल्या सुट्टीत घरी फोन करायचा, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागायची. त्यासाठी लावलेले मोबाइलचे गजर रात्री शेजारच्या काकूंना भिंतीतून ऐकू जायचे.

"सुटल्या" मला लागलं नाही. ते खरंच होतं, तिचे हाल मी पाहिले होते. "फ्री" मात्र लागला. ती गेली त्याच्या दुसऱ्या रात्री दोन वाजता गजर झाला, मी सवयीनं उठले, तिच्या खोलीत जाऊन दिवा लावला. एअर बेड काढून नेला होता, खाटेवर नुसती गादी होती. तरीही ते गजर मी लगेच काढून टाकले नाहीत. सोळा दिवस वाजू दिले. त्या सोळा दिवसांत मला फ्री म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारावंसं वाटत होतं, कशापासून फ्री? कुणापासून?

मी नाशिकरोडच्या एका मराठी शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. सव्वीस वर्षं झाली. फ्री हे विशेषण फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. मुलांना मी एक काम नेहमी देते: एक शब्द घ्यायचा आणि आठवडाभर घरात, रस्त्यावर, टीव्हीवर तो कुठे कुठे ऐकू येतो ते वहीत टिपून आणायचं. शाळेत पुन्हा रुजू झाल्यावर नववीला मी "फ्री" दिला. का, ते सांगितलं नाही.

वह्या आल्या. "एकावर एक फ्री" सगळ्यांच्याच वहीत होतं, फ्री वायफाय आणि फ्री होम डिलिव्हरी होतं, आणि मुलांच्या वह्यांत अर्थातच फ्री हिट. एका मुलानं खाली टीप लिहिली होती की फ्री हिटवर बोल्ड किंवा कॅच झालं तर आउट नाही, पण रनआउट होतो, म्हणजे पूर्ण फ्री नाही. मला ते इतकं आवडलं की मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. एकीनं आईच्या गाऊनवरचं "फ्री साइज" आणलं होतं. एकीनं लिहिलं होतं, "ताई म्हणते तिची सासू फ्री आहे." म्हणजे सासूशी मनातलं बोलता येतं, संकोच वाटत नाही. हा अर्थ आपण मराठीत घडवला आहे. इंग्रजी माणूस असं म्हणणार नाही. त्याच्याकडे कुणाशी फार फ्री वागणं म्हणजे जरा मर्यादा सोडून वागणं. आपल्याकडे तेच कौतुकानं बोलतात. "आमची सूनबाई अगदी फ्री आहे हो," हे वाक्य नाशिकमध्ये मी दहा घरांत ऐकलं असेल, आणि दर वेळी त्यात समाधान होतं.

एका मुलाचे वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत. त्याच्या वहीतली दोन वाक्यं मी अजून विसरले नाही. पहिलं: "बेअरिंग फ्री फिरलं पाहिजे." दुसरं: "नट फ्री फिरायला लागला म्हणजे आटे गेले, फेकून द्यायचा." एकाच माणसाच्या तोंडी, एकाच बाकावर काम करताना, तोच शब्द एकदा शाबासकीचा आणि एकदा निकालात काढणारा. बेअरिंग फ्री फिरतं तेव्हा ते आपल्या जागी घट्ट बसलेलं असतं, आतल्या गोळ्या आपापल्या वाटेनं जात असतात. नट फ्री फिरतो तेव्हा त्याला धरणारं काही उरलेलं नसतं. तो मुलगा हे सगळं सहज सांगून खाली बसला आणि मी खडू हातात घेऊन उभी राहिले. गेले पंधरा दिवस मी दुसऱ्या प्रकारची फ्री होते.

एका मुलीचा मामा पिंपळगावकडचा द्राक्षबागायतदार. तिनं लिहून आणलं होतं "रेसिड्यू फ्री". म्हणजे मण्यांत औषधाचा अंश नाही असा माल. पुस्तकात हा उपयोग एका ओळीत संपतो: नामाला फ्री जोडलं की अमुक नसलेला. पण नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला हा शब्द एवढ्यावर सोडवत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. वर्षभर रात्री-अपरात्री उठून, गारपिटीला आणि धुक्याला तोंड देऊन पिकवलेला माल परक्या बंदरात पडून राहिला. तेव्हापासून कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं याचा हिशेब निर्यातीच्या बागेत तारखेनिशी ठेवतात. त्या मुलीच्या मामाला "फ्री" हा शब्द मिळवायला प्रयोगशाळेचा कागद लागतो. माझ्या बाबतीत तो लोकांनी फुकट देऊन टाकला होता.

याच "नसलेला" अर्थासाठी आपण सरकारी मराठीत "मुक्त" वापरतो. २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून तर या मुक्तचा पूर आला. हागणदारीमुक्त, टँकरमुक्त, कॉपीमुक्त, कर्जमुक्त. चांगल्याच गोष्टी आहेत, पण मुक्त या शब्दाची उंची त्यांनी थोडी कमी केली असं मला वाटतं. जो शब्द त्र्यंबकला ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ निवृत्तीनाथ यांच्या समाधीपाशी उच्चारायचा, तो आता गावाच्या वेशीवरच्या पत्र्याच्या पाटीवर असतो.

वह्या तपासताना मला आईची वही आठवली.

आई सातवीपर्यंत शिकलेली, माहेर सिन्नरचं. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, नोटा छापतात त्या. आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं होईपर्यंत आईनं स्वतःसाठी वही घेतली नव्हती. मग पन्नाशीच्या अलीकडे असताना तिनं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घातलं. हे विद्यापीठ १९८९ साली आपल्याच नाशकात सुरू झालं; गंगापूर धरणाच्या रस्त्याला, गोवर्धन गावापाशी त्याचा परिसर आहे. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीला बसता येतं, हे तिला कुणीतरी बाजारात सांगितलं आणि तिनं बाजाराची पिशवी खाली ठेवून दोनदा विचारून घेतलं. रविवारी अभ्यासकेंद्रात संपर्कसत्र असायचं. शनिवारी रात्रीच ती रविवारची भाजी चिरून ठेवायची. "ज्ञानगंगा घरोघरी" हे विद्यापीठाचं ब्रीद. आमच्या घरात ती गंगा रात्री दहानंतर, ओटा पुसून झाल्यावर यायची.

तिला इंग्रजीची धास्ती होती. शंभर पानी वहीत एकेका पानावर एकेक शब्द घेऊन ती बसायची. फ्रीचं पान मी परवा काढून पाहिलं. वर शब्द, खाली दुहेरी रेघ. डाव्या बाजूला मराठी अर्थ एकाखाली एक: स्वतंत्र, मोकळा, फुकट, रिकामा, सुटा, सढळ, रहित. उजव्या बाजूला प्रत्येकाचं वाक्य, सगळी घरातली. "माझे हात फ्री नाहीत, पिठात आहेत." "हा डबा फ्री आहे, डाळ भर." "यांची झडती झाल्यावर हे फ्री होतात." प्रेसमधून बाहेर पडताना रोज झडती द्यावी लागते, ते हे वाक्य. सढळपुढे तिनं लिहिलं होतं की माझी आई तुपाच्या बाबतीत फ्री होती. इंग्रजीत ते व्याकरणानं अगदी बरोबर बसत नव्हतं. कुणीतरी, बहुतेक समंत्रकांनी, म्हणजे अभ्यासकेंद्रातल्या शिक्षकांनी, लाल शाईनं एक शब्दयोगी अव्यय सुधारलं होतं आणि बाजूला "छान" लिहिलं होतं. फुकटसमोर वाक्य नव्हतं. ती जागा कोरी होती.

त्या वर्षी मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि शिकवण्याचा मला जरा तोरा होता. एकदा पोळ्या लाटताना तिनं विचारलं, "अगं, फ्री म्हणजे मुक्त ना? मग मुक्त विद्यापीठाच्या इंग्रजी नावात ओपन का लिहिलंय? आणि फ्री म्हणजे फुकट, तर मग फी कशी भरली आपण?" मी वह्या तपासत होते. "असंच असतं गं ते," म्हणाले. पुढच्या शनिवारी ती एकटी बस धरून शालिमारला गेली, सार्वजनिक वाचनालयात. १८४० साली सुरू झालेलं हे वाचनालय म्हणजे नाशिककरांची "सावाना". तिथे बसून तिनं शब्दकोश पाहिला आणि घरी येऊन चप्पल काढता काढता मला सांगितलं, "ओपन दार असतं. फ्री त्यातून जाणारं माणूस असतं. मराठीत दोघांनाही मुक्त चालतं." मी एमए बीएड होते. हा फरक मला कुणी असा सांगितला नव्हता.

तेच वाक्य घेऊन मी पुढे किती तरी गोष्टी समजून घेतल्या. काळाराम मंदिराचंच पाहा. त्या देवळात जायला तिकीट कधी लागत नव्हतं. प्रवेशाला एक पैसा पडत नव्हता. तरी २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं पंचवटीत त्या दारांसमोर सत्याग्रहाला बसली आणि दारं त्यांच्यासाठी उघडली नाहीत. पाच वर्षं तो लढा चालला. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यात येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. त्या जागेला आज मुक्तिभूमी म्हणतात. फुकट आणि मुक्त यांच्यात किती अंतर असू शकतं हे मला शब्दकोशापेक्षा या दोन ठिकाणी जास्त कळतं. दर वर्षी नववीच्या मुलांना मी हे सांगते, इंग्रजीच्या तासाला सांगते, आणि तो तास वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

इंग्रजीची इथे खरोखर पंचाईत होते. किंमत नसलेलं आणि बंधन नसलेलं, दोघांना तिच्याकडे एकच शब्द. अमेरिकन संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली कुणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशा संगणक-प्रणालीचं काम जाहीर केलं, तिला फ्री म्हटलं आणि मग लोकांना समजावत राहावं लागलं की हे फ्री मोकळ्या बोलण्यातलं आहे, फुकटच्या बिअरमधलं नाही. माझा भाचा पुण्यात संगणकाचं काम करतो, त्यानं मला हे सांगितलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, ते मराठीत बोलले असते तर एका शब्दात भागलं असतं. आपल्याकडे किमतीच्या अंगानंच चार शब्द आहेत आणि चारांची पत वेगळी. फुकट हा घरातला, थोडा हिणवणारा. मोफत फारसीतून आलेला, सरकारी योजनेच्या फलकावरचा. निःशुल्क दवाखान्याच्या पाटीवर. आणि विनामूल्य हा सभ्य. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला होते, ती ऐकायला संध्याकाळी माणसं घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसतात, तिथे "फुकट" लिहून चालणार नाही. विनामूल्यमध्ये ऐकणाऱ्याचाही मान राहतो. आईनं फुकटसमोरची जागा कोरी का सोडली असेल, याचा मी बराच विचार केला. तिच्या हातून कुठलीच गोष्ट फुकट गेलेली किंवा आलेली मला आठवत नाही. नुसती सवड मिळायची तीही काहीतरी देऊन.

ती गेल्यावर महिन्याभरानं मी त्याच वाचनालयात गेले. सुटीचा दिवस होता, जायला कुणाची परवानगी नको होती आणि यायची घाई नव्हती; फ्री होते. शब्दांची कुळं सांगणारा मोठा इंग्रजी कोश मागवला आणि फ्री काढला. आजवर मी या शब्दाचे उपयोग शिकवत आले होते, कूळ कधी पाहिलं नव्हतं. फ्री हा जर्मानिक कुळातला शब्द, आणि त्याचं मूळ जिथे आहे तिथूनच संस्कृतातला "प्रिय" आला आहे.

मी ते दोनदा वाचलं. मग नियम आठवला. जर्मन भाषातज्ज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेला, बीएडच्या आधी भाषाशास्त्राच्या पेपरात घोकलेला: संस्कृतात जिथे प आहे तिथे इंग्रजीत फ येतो. पितृ आणि फादर. पाद आणि फूट. पंच आणि फाइव्ह. पूर्ण आणि फुल. मग प्रिय आणि फ्री. इतकं समोर होतं. पाठांतरात चार जोड्या म्हणायचे आणि पाचवी कधी दिसली नाही.

प्रियचा अर्थ तिकडे स्वतंत्र कसा झाला, याचं भाषेचे अभ्यासक देतात ते उत्तर असं. जुन्या टोळ्यांच्या काळात एका घरात दोन प्रकारची माणसं असायची: रक्ताची, आपली, म्हणजे प्रिय, आणि धरून आणलेली, गुलाम. जो प्रियांपैकी तो गुलाम नसे. त्यामुळे हळूहळू "आपला" या शब्दाचाच अर्थ "बंधनात नसलेला" असा झाला. लॅटिनमध्येही तसंच घडलेलं दिसतं; तिथे लिबेरी म्हणजे स्वतंत्र माणसं आणि लिबेरी म्हणजेच घरची लेकरं. फ्रेंड हा फ्रीचा सख्खा भाऊ. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ प्रेम करणारा. फ्रायडे ज्या फ्रिग देवीचा वार, तिचं नावही याच मुळाचं. फुकट हा अर्थ त्या मानानं फार उशिरा आला, किमतीतून सुटलेलं अशा वळणानं.

वाचनालयात समोरच्या बाकावर स्पर्धा परीक्षेची मुलं खाली मान घालून वाचत होती. मी कोशाच्या त्या पानावर हात ठेवून बसले. लोक मला फ्री म्हणत होते ते आई गेली म्हणून. आणि शब्द सांगत होता की त्याच्या लेखी फ्री म्हणजे घरची, जिव्हाळ्याची, कुणाची तरी असलेली. या हिशेबानं तिच्या खाटेपाशी रात्री दोनला उठणारी मी फ्री होते. आता आहे का, ते मला त्या बाकावर ठरवता आलं नाही. मी वहीत शब्द उतरवून घेतला आणि कोश परत दिला.

घरी येताना बस मुक्तिधामजवळ थांबते. मकराण्याच्या संगमरवराचं हे पांढरं देऊळ नाशिकरोडची खूण आहे. आतल्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय कोरलेले आहेत. आई चालती होती तेव्हा गुरुवारी इथे यायची आणि बसून एक अध्याय भिंतीवरूनच वाचायची, पुस्तक न्यायची नाही. मुक्त विद्यापीठ, मुक्तिभूमी, मुक्तिधाम. एका जिल्ह्यात ही तीन नावं आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. पैकी दोन ठिकाणी आई स्वतःच्या पायांनी जात होती.

मुक्त हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. तोच बोलण्यातून घासत घासत प्राकृतात मुक्क झाला आणि पुढे आपला मोकळा. कूळ एकच, पण मुक्त पाटीवर जातो आणि मोकळा घरात राहतो. मुक्तपतन दहावीच्या विज्ञानात, मुक्तछंद कवी अनिलांपासून कवितेत. मोकळा मात्र कुठे नाही? केस मोकळे, गळा मोकळा, पोट मोकळं, भात मोकळा, रान मोकळं. पाय मोकळे करायला जातात. मन मोकळं करतात. राग आला की "तू मोकळा आहेस" म्हणतात आणि त्यात जायला सांगितलेलं असतं. "बोलून मोकळी झाली" यात तिनं बोलायला नको होतं अशी कुरकुर असते. एवढ्या सगळ्या छटा फ्रीला पेलणार नाहीत. भात फ्री झाला असं कुणी म्हणून पाहावं.

आणि बाळंतीण मोकळी होते.

आईच्या कागदपत्रांत एक पोस्टकार्ड सापडलं. माझ्या जन्माचं. सिन्नरहून आजोबांनी बाबांना प्रेसच्या क्वार्टरच्या पत्त्यावर पाठवलेलं, निळी शाई आता तपकिरी झालेली. वर "श्री", मग "वि. वि." आणि मजकूर तीनच ओळींचा: काल रात्री उशिरा सौ. सुखरूप मोकळी झाली, कन्यारत्न आहे, दोघींची प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. खाली सही. आजोबांच्या अक्षरातला "मोकळी" जरा मोठा आला आहे, क आणि ळ यांच्यामध्ये शाईचा ठिपका पडलाय.

म्हणजे आई एकदा माझ्यापासून मोकळी झाली होती. आणि तेव्हा कुणालाही तो शब्द लागला नव्हता. ती आनंदाची बातमी होती, अशाच पोस्टकार्डांवरून सगळ्या नातेवाइकांत गेली असणार. मोकळी झाली म्हणजे मी तिची उरले नाही असं काही झालं नाही. उलट तिथूनच सगळं सुरू झालं. दुपटी, रात्रीची जागरणं, दर दोन तासांनी उठणं. सुटणं हे क्रियापदही तसंच आहे. शाळा सुटते, प्रेस सुटते, बाळंतीण सुटते आणि आजारी माणूस सुटतं. आपल्या लोकांनी जन्माला आणि मरणाला एकच क्रियापद ठेवलं आहे, आणि भेटायला आलेल्या बायका ते दोन्ही घरांत त्याच सुरात उच्चारतात.

"फ्री झालीस" असं शेजारच्या काकूही तेव्हा म्हणाल्या होत्या, ते मी पुन्हा आठवून पाहिलं. त्या सत्तरीच्या. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन नाशिकरोडला आलेल्या. फ्री हा त्यांच्या पिढीनं उशिरा उचललेला शब्द. त्यांच्या मनात बहुतेक मोकळी होतं. नव्या काळच्या शिकलेल्या बाईशी बोलायचं म्हणून त्यांनी तो फ्री केला असावा. मूळ शब्दानंच त्या बोलल्या असत्या तर मला लागलं नसतं का? ठाऊक नाही. त्या दिवशी कदाचित कुठलाच शब्द चालला नसता.

परवा रविवारी दुपारी गॅलरीतून हाक आली. "अगं, संध्याकाळी फ्री आहेस का? येऊ का जरा?"

"या ना काकू. आहे मी."

आईच्या हातची भाजणी डब्यात होती. दिवाळीआधी मावशींना समोर बसवून, पडल्या पडल्या सांगून सांगून तिनं भाजून घेतली होती. धणे किती खमंग झाले ते वासावरून ओळखायची. मी मोकळ भाजणी करायला घेतली. तेलात मोहरी, हिंग, हळद, मग बारीक चिरलेला कांदा, तो गुलाबी झाल्यावर तिखट, मीठ, थोडं ताक घातलेलं पाणी. उकळी फुटली की गॅस बारीक करून भाजणी वैरायची आणि झाकण. आई म्हणायची, आधी सगळा गोळाच होतो, घाबरायचं नाही. वाफ आणायची, बाजूनं तेल सोडायचं, उलथन्यानं फोडत राहायचं. उलथन्याला चिकटेनाशी झाली म्हणजे मोकळी झाली.

माझी अजून चिकटत होती. काकूंची बेल वाजेपर्यंत मी तिला आणखी एक वाफ आणली.